कॅसेट संगणकात उतरवायची आहे? खोक्यावरचे आकडे नंतर, आधी मागची भोकं बघा

सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी पाढ्यांसारखी पाठ असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांपर्यंत गेली. आम्ही गावभागातले. त्या रात्री गहू, सिलिंडर, घराची कागदपत्रं आणि बाबांची बाजाची पेटी एवढं माळ्यावर चढवलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या कॅसेट कोणाच्या डोक्यातच आल्या नाहीत. पाणी ओसरल्यावर चिखलातून ३७ कॅसेट निघाल्या. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ११२ होत्या, त्या वाचल्या.

हे सगळं बाबांनी टेप केलेलं. कोजागरीच्या बैठका, गल्लीतल्या गणपतीपुढची गाणी, घरी उतरलेल्या पाहुण्या गवयांनी पहाटे सहज लावलेला सूर, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. यातलं काही बाजारात मिळणार नाही. म्हणून त्या दिवाळीत मी हे काम अंगावर घेतलं. मी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते, आवाजाच्या तंत्राशी माझा काडीचा संबंध नव्हता. पहिले चार महिने फुकट गेले. पैसेही गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते.

जवळ काय काय हवं:

- चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर किंवा डेक (शक्यतो स्टीरिओ)
- संगणक, आणि त्यात किमान २०० जीबी मोकळी जागा
- लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक, असलेलं साउंड कार्ड (सगळा घोळ इथेच होतो, चौथी पायरी पाहा)
- योग्य टोकांची वायर
- कानावर बसणारा साधा हेडफोन. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या
- ऑडेसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर
- एक वही. हो, वहीच.

१. संगणक राहू द्या, आधी टेप नीट करा

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "साउंड कार्ड कुठलं घेऊ?" मीही तोच विचारला होता. पण आवाज जो बिघडतो तो बहुतेक वेळा टेपमध्येच बिघडलेला असतो. हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर साचलेला, पट्टा सैल झालेला, रबरी चाक कडक होऊन चकाकायला लागलेलं. अशा यंत्राला कितीही भारी कार्ड जोडलं तरी ते कार्ड तो बिघाडच इमानदारीने टिपून घेणार.

हेड आणि त्याच्या शेजारचा धातूचा दांडा अल्कोहोलच्या काडीने पुसा. काडी पांढरी निघेपर्यंत पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल फार लावू नका, रबर लवकर खराब होतं. ओलसर फडकं पुरतं. पट्टा बदलायचा असेल तर टेप दुरुस्त करणारा जुना कारागीर शोधा. सांगली-मिरजेत असे कारागीर अजून आहेत. पाटी एलईडी टीव्ही दुरुस्तीची असते, पण आत टेबलाखाली टू-इन-वनचे सांगाडे पडलेले दिसतात.

एक गोष्ट आठवणीने करा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, त्या मोडून टाका. चकती असेपर्यंत त्या कॅसेटवर नवं रेकॉर्डिंग होऊ शकतं. 'प्ले'बरोबर चुकून लाल बटण दाबलं गेलं की आजी गेली.

आणि बाजारात यूएसबीची शेपटी असलेले छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, थेट संगणकाला जोडायचे. दिसायला सोय वाटते. बहुतेकांच्या आतलं चाक इतकं हलकं असतं की फीत एका वेगाने चालत नाही. भाषण असेल तर एक वेळ चालेल. पण गवयाने षड्ज लावलाय आणि तो षड्ज पाण्यातल्या सावलीसारखा हलतोय, हे ऐकवत नाही. मी घेतला होता, भाच्याला खेळायला दिला.

२. टेपच्या पाठीमागे काय आहे ते बघा

आवाज टेपमधून बाहेर कुठून काढायचा ते आधी ठरतं. कार्ड आणि वायर त्यानंतर.

मागे लाल-पांढरी दोन गोल भोकं असतील आणि त्यावर 'लाइन आउट' किंवा 'प्ले' असं लिहिलं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. यांना आरसीए म्हणतात. इथून येणारा आवाज ठरावीक ताकदीचा असतो, आवाजाचं बटण फिरवून तो बदलत नाही.

फक्त हेडफोनचं भोक असेल, वॉकमनला असतं तसं, तरी चालतं. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवायचा. बास वाढवणारी, 'मेगा' 'सुपर' नावाची जी बटणं असतील ती सगळी बंद.

जुन्या डेकना आणि टू-इन-वनना पाच टाचण्यांचं अर्धगोल सॉकेट असतं, त्याला डिन म्हणतात. ते पाहून घाबरायचं कारण नाही. टेपच्या डिन सॉकेटमध्ये साधारणपणे ३ आणि ५ क्रमांकाच्या टाचण्यांवर डावा-उजवा आवाज बाहेर येतो, २ क्रमांकाची जमीन, आणि १ व ४ रेकॉर्डिंगसाठी आत जायच्या. कारागिराला एवढं सांगितलं की तो डिन ते आरसीए वायर बसल्या जागी जोडून देतो.

स्पीकरच्या वायरी ज्या चिमट्यांत अडकवतात, तिथून मात्र आवाज काढून साउंड कार्डात घालू नका. स्पीकर हलवायची ताकद आहे ती, कार्ड जाळून ठेवेल.

३. तुमच्या संगणकाला आधीच कान आहे का?

टेबलावरचा जुना डेस्कटॉप असेल तर मागे वाकून बघा. तीन रंगांची भोकं असतात. हिरवं बाहेर जाणाऱ्या आवाजाचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. निळं असेल तर पैसे खर्च करण्याआधी तेच वापरून बघा. पुढच्या बाजूला असतं ते बहुधा माइकचं, ते नाही.

लॅपटॉपवाल्यांनी इथे सावध व्हा. लॅपटॉपला हल्ली एकच भोक असतं, मोबाइलचा माइकवाला इअरफोन लागतो ते. त्यातून आत जाणारा रस्ता माइकचा आहे, आणि तो एकेरी आहे. डावा-उजवा वेगळा राहत नाही. शिवाय लाइनचा आवाज सुमारे ०.३ व्होल्टचा आणि माइकचा काही मिलीव्होल्टचा, म्हणजे शंभरपटीच्या घरातला फरक. नदीचा पाट न्हाणीच्या मोरीत सोडल्यासारखं होतं. आवाज फाटतो, चरचरतो. टेपचा आवाज अगदी बारीक करून काही जण काम भागवतात, पण मग खरखर वर येते. त्यात लॅपटॉप स्वतःच्या अकलेने 'गोंगाट' कमी करायला जातो आणि तानपुऱ्यालाच गोंगाट समजतो!

आहे ते कार्ड पुरेसं चांगलं आहे का, याची एक कसोटी सांगते. ही मला फार उशिरा कळली. सगळी जोडणी करा, रेकॉर्डिंग चालू करा. पहिली अर्धी मिनिट टेप चालू, पण कॅसेट थांबलेली. मग कॅसेटच्या सुरुवातीचा कोरा भाग वाजवा, तोही अर्धी मिनिट. पहिल्या भागात जी सूंसूं आली ती यंत्रांची. दुसऱ्यात आली ती फितीची. फीत सुरू झाल्याबरोबर सूंसूं स्पष्ट वाढली, ऑडेसिटीच्या मीटरवर १० डेसिबल किंवा त्याहून जास्त, तर तुमचं कार्ड फितीपेक्षा शांत आहे. नवं घेऊन काही फरक पडणार नाही. वाढलीच नाही, तर पुढची पायरी तुमच्यासाठी.

४. बाहेरचं साउंड कार्ड घेताना

दुकानात गेलात की खोक्यावरचे आकडे दाखवले जातात. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट, 'स्टुडिओ क्वालिटी'. ते खोकं उलटं करा आणि मागची भोकं मोजा. प्रश्न दोनच. लाइनच्या ताकदीचा आवाज घेतं का? आणि डावा-उजवा असे दोन एकाच वेळी घेतं का? दोन्हींना हो म्हणत असेल तर पुढचं बोला.

तरी आकड्यांचा अर्थ माहीत असलेला बरा, म्हणजे कोणी गंडवत नाही. बिट म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर किती टिपता येतं ते. १६ बिटांत ते सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांत कागदावर १४४. घरगुती कॅसेटमध्ये गाणं आणि सूंसूं यांतलं अंतर ५०-६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे १६ बिटांतही फीत आरामात मावते. २४ चा फायदा वेगळा आहे: आवाज थोडा दबकत, वर मोकळी जागा ठेवून घेता येतो, आणि अचानक तबल्याची थाप पडली तरी फाटत नाही. किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा मोजमाप घेतलं ते. त्याच्या निम्म्यापर्यंतचे स्वर टिपले जातात. ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचं येतं, आणि माणसाच्या कानाची धाव २० पर्यंत. आवाजाच्या संग्रहालयांची आयासा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची शिफारस किमान २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ अशी आहे. घरच्या कॅसेटसाठी १९२ मागणं म्हणजे भडंगाच्या पुडीला लोखंडी तिजोरी.

आता प्रत्यक्ष काय घ्यायचं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लाल-पांढरी आरसीए भोकं असलेलं छोटं यूएसबी यंत्र. बेरिंगरचं यूसीए २०२ (लाल रंगात तेच यूसीए २२२) या जातीचं. दोन आत, दोन बाहेर, हेडफोनला एक. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. वेगळा वीजजोड लागत नाही. आत येणाऱ्या आवाजाचं बटणच नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी. पण म्हणूनच टेपकडून येणारा आवाज फार मोठा असेल तर तो टेपकडेच कमी करावा लागतो. माझ्या ११२ पैकी निम्म्याहून जास्त कॅसेट अशाच एका यंत्रातून उतरल्या. मिक्सर-ग्राइंडरपेक्षा महाग पडत नाही.

दुसरा मार्ग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, ज्याला ते ऑडिओ इंटरफेस म्हणतात. २४ बिट, आत येणाऱ्या प्रत्येक आवाजाला वेगळं बटण. घरात कोणी गाणारं असेल, पुढे माइक लावून रेकॉर्डिंग करायचं असेल, तर हेच घ्या. फक्त दोन लाइन घेणारं घ्या. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेतलं टू-आय-टू चालतं. त्याच मालिकेतलं सोलो स्वस्त म्हणून उचलू नका. यंत्र उत्तम आहे, पण गाणारा आणि गिटार अशा जोडीसाठी बनवलेलं. त्यात लाइनचं भोक एकच आहे, दुसरं माइकचं. टेपचा डावा-उजवा दोन्ही त्यात जात नाहीत. आणि बटणावर 'इन्स्ट' म्हणजे वाद्य आणि 'लाइन' असा पर्याय असेल तर लाइनवर ठेवा.

तिसरा मार्ग, ज्यांना संगणकाची धास्ती आहे त्यांच्यासाठी. हातात धरायचे डिजिटल रेकॉर्डर मिळतात, झूम, टास्कॅम वगैरे. त्यातल्या ज्यांना लाइन-इन आहे त्याला टेप जोडायचा, मेमरी कार्डावर उतरवून घ्यायचं, कार्ड नंतर संगणकात. शेजारच्या काकांनी त्यांची सगळी कीर्तनं अशीच उतरवली.

आणि घेऊ नये ते: पेनड्राइव्हएवढा, दोन भोकांचा, 'सेव्हन पॉइंट वन' असं छापलेला तुकडा. हेडफोन आणि माइक, एवढंच आहे त्यात. माइकवाली बाजू एकेरी. म्हणजे लॅपटॉपच्या भोकाचंच दुखणं, फक्त बाहेर काढून ठेवलेलं. दुकानदार शपथेवर सांगतो की चालतंय. त्याच्या लेखी आवाज आला म्हणजे चाललं.

"आमच्या कॅसेट तर साध्या मोनो, म्हणजे एकेरी आवाजाच्या, टेपवर केलेल्या, मग दोन कशाला?" असं मनात आलं असेल. कारण आहे. मोनो टेपची पट्टी फितीवर तेवढ्याच रुंदीत बसते जिथे स्टीरिओच्या दोन पट्ट्या असतात. म्हणून मोनो कॅसेट स्टीरिओ डेकवर वाजवली की तोच आवाज दोनदा, शेजारी-शेजारी मिळतो. फितीची कड चुरगळलेली असेल तर एका बाजूचा आवाज बसतो, दुसरी धडधाकट असते. दोन्ही घेऊन ठेवलेत तर चांगली निवडता येते. आजीच्या ओव्यांची पूर्ण ब बाजू मी फक्त उजव्या आवाजावरून वाचवली.

५. वायर, किंवा आजी कशी गायब झाली

ही पायरी मी दोन ओळींत संपवणार होते. पण माझा सगळ्यात मोठा पोपट इथेच झालाय, म्हणून सविस्तर.

ऑडिओ इंटरफेस आणला. टेपला हेडफोनचं भोक होतं. दुकानातून एका टोकाला छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला जाड पिन अशी वायर आणली. जाड पिन इंटरफेसच्या पहिल्या भोकात घट्ट बसली. आजीची कॅसेट लावली आणि स्वयंपाकाला गेले. अर्ध्या तासाने येऊन ऐकते तो काय, ओव्या नाहीतच! लांब कुठेतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखी कुजबुज आणि वर सूंसूं. कॅसेट पुसली गेली असं वाटून हातपाय गळाले. टेपवर लावली तर आजी खणखणीत.

झालं होतं असं. त्या वायरच्या जाड पिनेवर दोन काळे पट्टे होते, म्हणजे तिच्यात डावा आणि उजवा दोन्ही. पण इंटरफेसचं ते भोक एकाच आवाजासाठी असतं आणि दुसऱ्या तारेवरून येणारं ते पहिल्यातून वजा करतं. बाहेरचा गोंगाट मारायची ती युक्ती आहे. डावा वजा उजवा. मोनो कॅसेटवर दोन्ही सारखेच, म्हणून बाकी शून्य. स्टीरिओ गाण्यात असं केलं तर वाद्यं राहतात आणि मधोमध असलेला गायक जातो.

तेव्हा नियम असा: आरसीए भोकांच्या यंत्राला एका टोकाला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी, अशी वायर. टेपलाही आरसीए असेल तर दोन्हीकडे लाल-पांढरी. इंटरफेसला मात्र एका टोकाला छोटी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन जाड पिना, प्रत्येकीवर एकच काळा पट्टा. एक पहिल्या भोकात, एक दुसऱ्या. दुकानात पिनेवरचे पट्टे मोजूनच पैसे द्या. वायर दीड-दोन मीटरपेक्षा लांब नको.

६. संगणकातल्या चार सेटिंग

ही झटपट सांगते. विंडोज गृहीत धरलंय.

प्रायव्हसीमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी चालू करा. तुम्ही माइक वापरत नसलात तरी आत येणारा प्रत्येक आवाज विंडोजच्या लेखी माइकच. परवानगी नसेल तर रेषा सपाट येते आणि माणूस वायरी बदलत बसतो.

साउंडमध्ये तुमच्या कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन '२ चॅनेल, ४८००० हर्ट्झ' निवडा. साधी यूएसबी कार्डं जोडली की विंडोज कधी कधी त्यांना १ चॅनेल म्हणून धरतं. तिथेच 'एन्हान्समेंट' नावाचं जे काही असेल ते बंद करा.

ऑडेसिटीत होस्ट वासापी, चॅनेल २ स्टीरिओ, दर ४८०००.

लॅपटॉप झोपी जाणार नाही असं बघा. ९० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. तेवढा वेळ कीबोर्डला हात लागला नाही की लॅपटॉप डुलकी काढतो.

७. पातळी

कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधा. मैफल असेल तर शेवटची द्रुत बंदिश किंवा टाळ्या. तो वाजताना मीटरचा काटा उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका, उणे १० च्या आसपास उत्तम. शून्याला टेकला की तो तुकडा कायमचा फाटला, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही. बारीक राहिला तर मात्र नंतर वाढवता येतो.

फाटलेला आवाज विंडोजच्या सरकपट्टीने कमी करून फसू नका. कार्डाच्या तोंडाशीच आवाज फाटला असेल तर पट्टी फक्त फाटका आवाज लहान करते. कमी करायचा तो टेपच्या किंवा इंटरफेसच्या बटणावर.

८. घूंऽऽऽ

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ती आवाजात शिरली की खर्जात एक अखंड घूं ऐकू येतो. पहिला उपाय फुकटचा: लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. दहापैकी सात वेळा घूं तिथेच थांबतो. थांबला नाही तर टेप आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. तरीही राहिला तर वायरीच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल.

वीज जाते त्या दिवशी काम लावू नका, कारण इन्व्हर्टर. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेप लावला की घूं ऐवजी भुंगा येतो. साइन वेव्हचा असेल तर अडचण नाही.

९. सूर जुळतोय का?

संगणकाची माणसं ही पायरी सांगत नाहीत. पण मिरजेच्या तानपुऱ्यांच्या सावलीत राहून सुराकडे दुर्लक्ष करणं आपल्याला शोभत नाही.

टेपचा वेग थोडा जरी चुकला तरी सूर सरकतो. सुमारे ६ टक्के वेग वाढला की पूर्ण एक पट्टी चढते, काळी एकची पांढरी दोन होते. बाबा कॅसेटच्या कागदावर गवयाची पट्टी लिहून ठेवायचे. एका कॅसेटवर 'काळी दोन' लिहिलंय, आणि साथीला आमचीच पेटी. ती अजून घरात आहे. वाजवून पाहिली तर टेपमधला षड्ज काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या बरोब्बर मध्ये. म्हणजे टेप साधारण ३ टक्के जास्त वेगात पळत होता.

आणखी तीन-चार कॅसेट लावून बघा. सगळ्याच चढ्या असतील तर दोष आत्ताच्या टेपचा. मोटरच्या पाठीवर छोटं छिद्र असतं, त्यातला स्क्रू कारागिराकडून फिरवून घ्या. एखादीच चढी असेल तर दोष तेव्हाच्या टेपचा. सेल उतरत आले की टेप रेंगाळत रेकॉर्ड करायचा, आणि आता योग्य वेगाने वाजवलं की गवई घाईत असल्यासारखा वाटतो. अशा वेळी ऑडेसिटीत 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') वापरा, नुसतं 'चेंज पिच' नाही. सूर आणि लय दोन्ही एकत्रच बिघडलेत, एकत्रच दुरुस्त व्हायला हवेत.

आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका असेल तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू बघा. कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत, इकडे-तिकडे फिरवला की एका जागी 'स' आणि 'च' खणखणीत होतात. आधी कुठे होता त्याची खूण करून ठेवा.

१०. फाइल

वेव्ह (.wav) या प्रकारच्या फाइलमध्येच साठवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झमध्ये एका तासाला १ जीबीच्या किंचित वर लागतं. जागा वाचवायची तर फ्लॅक, त्यात काही हरवत नाही. एमपीथ्री नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायला. मूळ म्हणून एमपीथ्री ठेवू नका.

खरखर काढणं, वेग बदलणं, तुकडे पाडणं हे सगळं प्रतीवर करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. मी पहिल्या दहा कॅसेटची खरखर उत्साहात अशी काढली की तानपुराही गेला, आणि त्या दहा पुन्हा उतरवाव्या लागल्या.

फाइलला कॅसेटचाच क्रमांक द्या: ०४७_अ, ०४७_ब. बाकी सगळं वहीत. कागदावर काय लिहिलं होतं, कोण गातंय, कुठल्या टेपवर वाजवली, कुठे फीत चुरगळली. दोन हार्ड डिस्कवर प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी पुण्यात बहिणीकडे असते. कारण कृष्णा.

तबकड्या असतील तर

रेकॉर्ड प्लेअरमधून येणारा आवाज कॅसेटपेक्षा कितीतरी बारीक, पाचेक मिलीव्होल्टचा असतो, आणि त्याला फोनो प्रीअँप लागतो. तो प्लेअरमध्ये नसेल तर बेरिंगरचंच यूएफओ २०२ घेता येतं, त्यात तो आहे. ७८ च्या जुन्या तबकड्यांना सुई वेगळी, जाड लागते. एलपीची सुई त्यांवर लावू नका.

भिजलेल्या कॅसेट

त्या ३७ चं काय झालं हे सगळे विचारतात. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट टेपमध्ये घालायची नाही. फिरवून बघायचीही नाही. उन्हात नको, ड्रायर नको. चिखल असेल तर डिस्टिल्ड वॉटरने हलक्या हाताने धुवा आणि पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात कित्येक दिवस उभी करून सुकवा. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून फीत दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर कारागिराकडे न्या. पांढरी बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधा आणि ती कॅसेट बाकीच्यांपासून लांब ठेवा. तिच्या एका फेरीने हेडला लागलेली बुरशी पुढच्या दहा कॅसेटना लागते. अशा कॅसेट सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येकीनंतर हेड पुसून.

माझ्या ३७ पैकी २३ उतरल्या. तीन तुटल्या, त्या जोडून घ्यायच्या आहेत. अकरा अजून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात आहेत. आता माळ्यावर.